पंडिता रमाबाई : दुष्काळ, सेवा आणि धर्मांतर

रमाबाई हे नाव घेतले की आपल्या घरात प्रथम माता रमाईंची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्रात दुसऱ्याही एक रमाबाई होऊन गेल्या. त्या ब्राह्मणाच्या पोटी जन्मल्या, संस्कृत शास्त्रांत पारंगत झाल्या, दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावून बसल्या, पुढे ख्रिस्ती झाल्या, आणि दुष्काळातच मरणाच्या दारी पडलेल्या शेकडो बायका-मुलींना त्यांनी आपल्या घरी आणून जगविले. त्या पंडिता रमाबाई.

नवदीक्षित बौद्ध कुटुंबांनी एका ख्रिस्ती बाईचे चरित्र का वाचावे, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखाला आपत्ती नव्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली आणि मिलोची भाकरी खाऊन दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातील दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो लोक गेले. अशा वेळी मदतीचे हात येतात. कोणी देवाचे नाव घेऊन येतो, कोणी नुसताच येतो. आणि मागाहून एक प्रश्न गावात फिरत राहतो : भुकेल्याने दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली आणि त्याचा धर्मही घेतला, तर तो धर्म खरा की पोटासाठी घेतलेला? धर्मांतर करणाऱ्या प्रत्येकाला हा टोमणा ऐकावा लागला आहे. आपल्यालाही ऐकावा लागला आहे. रमाबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. म्हणून हे चरित्र.

रानातील शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि गाढे पंडित. त्यांनी आपली तरुण पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. वेद सोडून इतर संस्कृत वाङ्मय स्त्रीने शिकण्यास शास्त्राची हरकत नाही, असे त्यांनी शास्त्राच्याच आधाराने मांडले, आणि ते आपले बिऱ्हाड घेऊन रानात राहावयास गेले.

म्हणजे ब्राह्मणाच्या घरातही बाईला अक्षर शिकावयाचे तर गाव सोडावे लागत होते. मग ज्यांना सावलीचीही बंदी होती त्यांची काय कथा! आणि या उदार शास्त्रीबुवांनीही वेद तेवढे बाजूलाच ठेवले होते, हेही विसरू नये.

पुढे कर्ज झाले, रानातील आश्रम मोडला, आणि हे कुटुंब तीर्थे करीत, देवळांतून पुराणे सांगत देशभर पायी फिरू लागले. आईने पहाटे उठवून रमाबाईंना शिकविले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा परिणाम वाईट झाल्यामुळे धाकटीचे लग्न वडिलांनी लहानपणी केले नाही. त्यामुळे रमाबाईंना शिकावयास अवधी मिळाला.

दुष्काळाने उजाड केलेले घर

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांच्या घरात दाणा नाही, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? शास्त्रीबुवांनी जे काही होते ते ब्राह्मणांना दान करून टाकले, व्रते केली, तीर्थात स्नाने केली, रात्रंदिवस जप केला. दान केले की देव प्रसन्न होऊन पुन्हा देईल, हा त्यांचा विश्वास होता. देव काही प्रसन्न झाला नाही.

रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्यांच्या घराला भीक मागण्याची लाज वाटत होती आणि मजुरी करणे जातीच्या अभिमानाला मानवत नव्हते. संस्कृत येत होते, पण चार पैसे मिळवून देईल असा एकही धंदा येत नव्हता. शेवटी सर्वांनी मरण्याचे ठरविले. अकरा दिवस ते रानात झाडाचा पाला आणि पाणी यांवर राहिले. वडील जलसमाधी घ्यावयास निघाले, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, असे त्याने सांगितले. पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले.

उरलेली माणसे चालत चालत निजामाच्या राज्यातील रायचूरला आली. तेथे आई अंथरुणाला खिळली. तिने खावयास मागितले म्हणून रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखून तुकडा हातावर ठेवला. तो खाण्याची शक्ती आईत राहिली नव्हती. दोन दिवसांत आईही गेली.

प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. जिच्या नवऱ्याने आयुष्यभर ब्राह्मणांना दान दिले, तिला खांदा द्यावयास दोघेच ब्राह्मण आले. तिसरा मुलगा आणि चौथी रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

भावा-बहिणीचीच काय ती जोडी उरली. दोघे पायी उत्तरेला काश्मीरपर्यंत गेली. थंडीत पांघरूण नसे, तेव्हा झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून घेऊन ती निजत. भिजवलेले मूठभर धान्य आणि मीठ हे जेवण. या चालण्यात त्यांनी देशभरचे देव पाहिले, आणि चालता चालताच देवांवरचा त्यांचा विश्वास संपला.

येथे वाचकांनी थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपाशीपोटी त्या कोणत्याही नव्या धर्माकडे धावल्या नाहीत. दुष्काळाने त्यांचा जुना विश्वास नेला. नवा विश्वास येण्यास अजून कित्येक वर्षे होती.

पंडिता झाल्या, विधवा झाल्या

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. विशीतील एक मुलगी शास्त्रार्थ करते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचावयास दिले. बाईने वाचू नयेत असे जे ग्रंथ, ते त्यांनी वाचले. धर्मशास्त्रांत स्त्री आणि शूद्र यांना एकाच दोरीने बांधले आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी हे शूद्र गणल्या गेलेल्या जातीचे. चित्पावन शास्त्र्याच्या मुलीने त्या काळी जात, प्रांत आणि भाषा ओलांडून लग्न केले, हे आज सहज वाचून सोडून देण्यासारखे नाही. १८८१ साली मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर पाहिजेत असे मागितले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्या १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याचा विचार होता. परंतु कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते राहिले.

धर्मांतर

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर परिणाम झाला तो एका कामाचा. तेथील जोगिणी समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना घरात घेत, त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना पुन्हा उभ्या करीत. आपल्या शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना पाठ होते. येथे तिला घर मिळत होते. हा फरक त्यांनी पाहिला, मग त्या धर्माचे ग्रंथ वाचले, मग निर्णय घेतला.

निर्णय घेतला म्हणून त्यांनी विचार करणे सोडले नाही. ज्यांनी दीक्षा दिली त्याच धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्यांचे वाद झाले. त्रैक्याचे तत्त्व पटेना, तेव्हा त्यांनी तसे लिहून कळविले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारले. चर्चमधील वरिष्ठ सांगतात म्हणून मान्य करणे त्यांनी नाकारले. पोशाख पांढऱ्या लुगड्याचा राहिला, आहार शाकाहारी राहिला. पुरोहिताच्या हुकमातून सुटून पाद्र्याच्या हुकमात जावयास त्या तयार नव्हत्या.

पुण्यात गहजब झाला. सुधारक म्हणविणारेही नाराज झाले. त्या वेळी त्यांची बाजू घेऊन जो माणूस उभा राहिला, त्याचे नाव जोतीराव फुले. १८८५ साली निघालेल्या सत्सार या पुस्तिकेत जोतीरावांनी रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या महात्म्याला ही गोष्ट तेव्हाच कळली होती. जो धर्म माणसाला माणूस मानीत नाही, तो सोडण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजी पुस्तक लिहिले, व्याख्याने देऊन पैसा जमविला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. येथे मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. तरीही काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात अशी बोंब झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीसवर मुली पालकांनी काढून नेल्या.

या टप्प्यापर्यंत रमाबाईंचे काम मुख्यतः वरिष्ठ जातींच्या विधवांपुरते होते. ही मर्यादा आपण स्पष्ट सांगितली पाहिजे. ती मोडली कोणी? दुष्काळाने.

पुन्हा दुष्काळ

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशी रमाबाईंना आपली आई आणि तो भाकरीचा तुकडा आठवला असल्यास नवल नाही. त्या स्वतः निघाल्या. सरकारी अन्नछत्रांवर आणि रस्त्यांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली. त्याहून भयंकर गोष्ट पाहिली. निराधार मुलींना खाण्याचे आमिष दाखवून पळविणारे लोक तेथे टपून बसलेले होते. दुष्काळ पोट मारतो आणि मुलींची अब्रूही बाजारात आणतो. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. जात विचारून आणल्या नाहीत.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. इतक्या मुली शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. दौंड तालुक्यात रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढे मुक्ती सदन झाले.

राज्य ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. तरी त्यांनी राज्यकर्त्यांची भीड धरली नाही. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीची जी हेळसांड झाली, तिच्याबद्दल १८९७ साली त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. त्याची चर्चा लंडनच्या पार्लमेंटात गेली. मुंबईच्या गव्हर्नराने आरोप नाकारला.

१९०० च्या सुमारास गुजरात, काठेवाड, राजपुताना या भागांत आणखी मोठा दुष्काळ पडला. या वेळी मुक्तीतच वाढलेल्या बायका मदतकार्यास गेल्या. काल ज्यांना कोणी उचलले होते, त्या आज दुसऱ्यांना उचलू लागल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आणलेल्यांपैकी कित्येक जणी इतक्या खंगलेल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना काम शिकविले : विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना. आंधळ्यांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढले. सर्वांच्या पंगती एकत्र बसत.

आपल्या आईबापांना संस्कृत येत होते आणि भाकरी मिळविण्याचा धंदा येत नव्हता, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तीत अक्षर आणि हातकाम ही दोन्ही बरोबर चालली.

भाकरी आणि बाप्तिस्मा

आता त्या कठीण प्रश्नाकडे येऊ. शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. रोज बायबल, रोज प्रार्थना. १९०५ साली तेथे धर्मभावनेची मोठी लाट आली. मुली रडत, मोठमोठ्याने सामुदायिक प्रार्थना करीत. शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंनी स्वतः धर्म निवडला तो ग्रंथ वाचून, वाद करून, स्वतःच्या पुस्तकाच्या पैशावर परदेशी जाऊन. त्या मुलींनी तसाच निवडला काय? ज्या हाताने मरणातून काढले, त्या हाताने पुढे केलेला धर्म दहा-बारा वर्षांची पोर नाकारील कशी? रमाबाईंच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना जे सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांनी मुलींना दिले. पण देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याचे स्वातंत्र्य आपोआप सिद्ध होत नाही. पोटाचा उपकार डोक्यावर असताना मन मोकळे नसते.

तरीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नुसते अन्न देऊन रमाबाईंनी त्यांना उपकाराखाली ठेवले नाही. अक्षर दिले, धंदा दिला. ज्याला वाचता येते आणि स्वतःची भाकरी मिळविता येते, तो उद्या मिळालेल्या धर्माचीही परीक्षा घेऊ शकतो. उपकाराची बेडी तोडण्याचे हत्यार त्यांनी त्याच मुलींच्या हाती दिले होते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनांच्या कार्याचा बारकाईने विचार केला होता. त्यांच्या शाळा आणि दवाखाने यांचे मोल त्यांनी मानले, पण धर्मांतरितांतील जातिभेद मोडण्यात ही मिशने कमी पडली, हेही परखडपणे दाखविले. मुक्तीची एकत्र पंगत त्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून जड संस्कृत शब्द टाळले. संस्कृतची पंडिता असलेल्या बाईने हे केले. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांनी केली.

आपल्या भागाशीही या घराचा संबंध आला. निजामाच्या राज्यात, आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यास त्यांनी शाळा काढली आणि मनोरमेने ती चालविली. १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. दुष्काळाने आईबाप नेले, रोगाने भाऊ आणि पती नेले, म्हातारपणी लेकही गेली. तरी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचे बायबल १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आपण यातून काय घ्यावे

आपल्या परंपरेत पटाचारेची कथा आहे. एकाच दिवसात तिचा नवरा गेला, दोन मुले गेली, आणि वादळात घर कोसळून आईबाप व भाऊ गेले. किल्लारीच्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. वेडी होऊन ती उघडीनागडी हिंडत असता भगवान बुद्धांजवळ आली. लोक तिला हाकलत होते. भगवंतांनी तिला येऊ दिले, अंगावर वस्त्र घालविले, भानावर आणले आणि मग धम्म सांगितला. मेलेले परत आणीन असे आमिष दाखविले नाही. आधी वस्त्र, मग भान, मग धम्म, हा क्रम आहे. आणि पुढे ती स्वतः इतर दुःखी स्त्रियांना मार्ग दाखविणारी थेरी झाली.

पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा आपल्याला लागू पडत नाही. १९५६ साली दीक्षा घेणाऱ्यांच्या केंद्र सरकारच्या सवलती मिळण्याऐवजी गेल्या. त्या कायद्याने परत मिळावयास १९९० साल उजाडले. आपल्या वडीलधाऱ्यांनी भाकरी सोडून धम्म घेतला.

परंतु आपल्या मुलांचे काय? त्यांनी तो निर्णय घेतलेला नाही. त्यांना धम्म मिळतो तो आईच्या हातच्या घासाबरोबर. म्हणजे मुक्तीतल्या मुलींच्या जागी आज आपलीच मुले बसलेली आहेत. त्यांना नुसते त्रिशरण-पंचशील पाठ करावयास लावले तर तो घासाबरोबर गिळलेला धर्म होईल. कालामांना भगवंतांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. तेव्हा बावीस प्रतिज्ञा मुलांना अर्थासह सांगा. त्यांनी प्रश्न विचारले तर रागावू नका. घरात पुस्तके ठेवा, मुलींनाही तितकेच शिकवा. आणि उद्या आपल्या गावावर पुन्हा आपत्ती आली तर वाडा, मोहल्ला, वस्ती न विचारता आधी भाकरी घेऊन जा. त्या भाकरीबरोबर कोणाच्याही विश्वासाची किंमत मागू नका.